मळ न लागलेली कॉलर

धुणं अर्धं झालं होतं. चादरी पिळून कठड्यावर पडल्या होत्या, टॉवेल अजून बादलीतच होते आणि धुण्याच्या दगडावर जावयाचा फिकट निळा शर्ट पसरला होता. कॉलरबाईंनी साबण हातात घेतला, सवयीप्रमाणे आधी कॉलर उलगडून पाहिली, आणि साबण तसाच हातात राहिला.

कॉलरच्या आत मळ नव्हता.

बाह्या मळलेल्या होत्या. खांद्यांवर सिमेंटची राखाडी धूळ होती, खिशापाशी ग्रीसचा डाग होता. म्हणजे शर्ट कामावर गेला होता यात शंका नाही. पण मानेला टेकणारी आतली पट्टी इतकी कोरी, की जणू माणूस मान घरी ठेवून कामाला गेला होता. त्यांनी कॉलर नाकाशी धरली. गोडसर, पावडरचा वास आला. घरात कुणी पावडर लावत नव्हतं. मग बोटांनी चाचपत त्या मागच्या बाजूला गेल्या, तर मानेच्या बरोबर मागे, आतून, कापडाचं सूत ओढलं गेलेलं. बारीक तंतू वर आले होते, कुणी नखांनी ओरबाडावं तसे.

"देवा," त्या हळूच म्हणाल्या आणि शर्ट न धुता बाजूला ठेवला.

दुसऱ्या कुठल्या सासूच्या हाती तो शर्ट लागला असता तर ती म्हणाली असती, बरं झालं, घासायचे कष्ट वाचले. पण या बाईंना अख्खी गल्ली कॉलरबाई म्हणायची, ते काही उगाच नाही.

नवरा गेला तेव्हा लेक मांडीवर होती आणि घरात एक शिलाई मशीन होतं. नवे कपडे शिवून द्यायला दुकानं पुष्कळ होती. दुकानांनी जे काम झटकून टाकलं ते बाईंनी उचललं. कचेरीत जाणाऱ्यांचे शर्ट अंगाने धडधाकट असतात, जातात ते मानेपाशी. दाढीचे खुंट घासून घासून कॉलरची घडी विरते, आणि आतलं कडक अस्तर दात विचकून बाहेर बघायला लागतं. अशी कॉलर अलगद उसवायची, उलटी करायची, विरलेली बाजू खाली दडेल अशी पुन्हा शिवायची. टाका जुन्या भोकातूनच गेला पाहिजे. शर्टाला दुसरा जन्म मिळतो, आणि साहेबाला कळतही नाही की समोरच्या कारकुनाची इभ्रत उलटी फिरवलेली आहे.

हळूहळू सगळ्या गल्लीच्या माना त्यांच्या मशीनखाली आल्या. गणवेशाच्या गोल कॉलरी आल्या, बँडवाल्यांच्या सोनेरी फितीच्या उभ्या कॉलरी आल्या, झबल्यांच्या बोटभर कॉलरी आल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्र्याचा गळपट्टा आणला, "हीसुद्धा कॉलरच की हो," म्हणत. बाईंनी जाड सुईने तोही शिवून दिला. कुत्र्याला मात्र माप द्यायला उंबऱ्याबाहेर उभं केलं. एकदा नळ गळायला लागला म्हणून प्लंबर आला. पाइपाच्या जोडाकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "मावशी, याची कॉलर गेलीय."

"मग काढून दे. उलटवून देते," बाई म्हणाल्या. हसता हसता प्लंबरच्या हातातला पाना बादलीत पडला.

कॉलर वाचायची सवय कधी लागली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मळ काळा की पिवळा, डावी घडी आधी विरली की उजवी, यावरून माणूस काय उचलतो, कुठे बसतो, कुठल्या कुशीवर डुलकी घेतो, सगळं त्यांना दिसायचं. केसांना कलप कुणी लावायला घेतला हे त्याच्या बायकोआधी बाईंना कळायचं. एका कारकुनाच्या कॉलरची मागची बाजू उन्हाने विटलेली दिसली, तेव्हा त्यांनी त्याच्या बायकोला एवढंच विचारलं, "तुमचे हे पंख्याखाली बसतात ना?" आठवडा उलटायच्या आत उघड झालं की नोकरी केव्हाच सुटली होती आणि गृहस्थ रोज बागेतल्या बाकावर बसून डबा खाऊन घरी येत होते. त्या दिवसापासून बायका नवऱ्यांचे शर्ट घेऊन यायला लागल्या. कॉलर उलटवायची हे निमित्त. शर्ट पुढ्यात टाकायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारायचं, "बाई, काय म्हणते कॉलर?"

बाई फार बोलायच्या नाहीत. पण देवाने ही नजर आपल्याला दिली आहे, असं त्यांना मनोमन वाटायचं. नजर चुकली असं अजून एकदाही झालं नव्हतं.

आणि आता त्यांच्याच दगडावर, त्यांच्याच घरातली कॉलर काहीतरी म्हणत होती.

जावई टॉवर क्रेन चालवायचा. नव्या इमारती उठत होत्या त्या बाजूला आभाळात एक पिवळा हात पसरलेला दिसे, त्याच्या खांद्यापाशी कपाटाएवढी काचेची खोली. सकाळी शिडीने वर चढायचं, संध्याकाळी उतरायचं. मधला सगळा वेळ मान खाली घालून जमिनीवरच्या मुकादमाचे हातवारे बघायचे आणि लोखंडाचे भारे उचलून नेमके ठेवायचे. वर दुसरं चिटपाखरू नाही. लग्न ठरताना हेच बाईंना पसंत पडलं होतं. "दिवसभर एकटा, देवाच्या जवळ," त्या म्हणाल्या होत्या. "बिघडायला वाव नाही."

लग्नानंतर दोघं बाईंकडेच राहायला आली, कारण इथून काम चालत जाण्याजोगं होतं. लोक घरजावई म्हणाले. बाईंनी कानांना कुलूप घातलं. माणूस अबोल, पण मायाळू होता. लेक त्याच्यावर जीव टाकायची. बापाविना वाढलेल्या पोरीला घर मिळालं, आपलं अर्धं ओझं उतरलं, असं बाई रोज हात जोडताना देवाला सांगायच्या.

पण मनात पाल एकदा चुकचुकली की सगळ्या भिंतीवर पालीच दिसायला लागतात. बाईंना आठवलं, जावई हल्ली जेवताना ताटाकडे बघत नाही. ताट हातात उचलून धरतो आणि समोर भिंतीकडे बघत जेवतो. हाक मारली तर मान वळवत नाही, अख्खाच्या अख्खा वळतो. लेक बोलत असली तर ऐकतो, पण "हो" म्हणताना मान हलत नाही. नजर टाळणारा माणूस आणखी काय करतो?

दुपारी लेक शर्टांना काजं करत बसली होती. बाईंनी मशीन थांबवलं.

"जावईबुवा हल्ली नीट बोलतात का गं तुझ्याशी?"

"बोलतात की. का?"

"आणि बघतात?"

"म्हणजे काय आई? डोळे गेलेत का त्यांचे?"

"मान कशी ताठ झालीय बघ. फोटो काढायला बसवल्यासारखी."

"दमतात गं ते."

"दमलेला माणूस वाकतो. हे ताठतायत."

लेकीने दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "तुला काही दिसलंय का?"

"मला काय दिसायचंय," बाई म्हणाल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं.

हे वाक्य त्या गिऱ्हाईक बायकांनाही असंच म्हणायच्या, आणि त्याचा अर्थ काय असतो ते लेकीने लहानपणापासून ऐकलं होतं. त्या संध्याकाळपासून घरात भांड्यांचा आवाज वाढला.

पुढच्या दोन्ही शर्टांना तेच. बाहेरून धूळ, आतून कोरं, पावडरचा वास, मागे ओरखडे. धुवून वाळलेले शर्ट घेऊन बाई इस्त्रीवाल्याकडे गेल्या. तो कोळसा फुंकत होता. शर्ट हातात घेतला आणि दात काढले.

"मावशी, जावई हिरो झाले वाटतं."

"का रे?"

"ही कॉलरची मोड बघा. मी खाली बसवतो, ते वर उभी करतात. मळ धुतला जातो मावशी, मोड नाही जात. दिवसभर कॉलर वर करून फिरतात तुमचे पाहुणे."

"वाऱ्याने झाली असेल. वर वारा फार असतो."

"असेल, असेल. माझं काय जातंय." त्याने इस्त्री फिरवली. "पण माणूस कॉलर दोनदाच वर करतो. एक थंडीत, नाहीतर कुणीतरी बघत असलं तर. आता थंडी तर नाही."

"तू इस्त्री बघ. चटका लागेल."

"मला नाही लागत," तो म्हणाला, "तुम्हाला लागलाय असं वाटतं."

संध्याकाळी बाई देवापुढे बसल्या. ओठांवर नाव होतं आणि मिटल्या डोळ्यांपुढे कॉलर. पोरीचा संसार तुझ्या पायाशी आहे, त्या मनात म्हणाल्या, मला काय ते एकदा दाखव. मग त्यांना वाटलं, देव दाखवत असतो, आपण उठून बघायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांनी पिशवीत दोन शर्ट घातले, पोहोचवून येते म्हणून लेकीला सांगितलं आणि बांधकामाच्या बाजूला निघाल्या.

रस्त्यापलीकडे विटांची चळत होती, तिच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हते. क्रेनचा पिवळा हात फिरायचा थांबला. जावई शिडीने उतरायला लागला. एकेक पायरी चाचपत, फार हळू. घरी यायची घाई नाही, बाईंनी मनात नोंद केली. खाली आला तेव्हा कॉलर खरंच उभी होती, कानापर्यंत, टगेगिरी करणाऱ्या पोरांसारखी. मुकादमाने लांबून काहीतरी म्हटलं आणि दोघेतिघे हसले. "कॉलर टाईट" एवढे शब्द बाईंच्या कानावर आले. जावयाने हात वर केला, आणि फाटकाकडे न जाता पत्र्याच्या खोल्यांमागे वळला. वळण्याआधी थांबून, अख्खा फिरून आजूबाजूला बघून घेतलं.

कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. तरणीताठी, ओला हात पदराला पुसत असलेली. तिने काही न विचारता बाजूला होऊन त्याला आत घेतलं आणि दार लोटलं.

कॉलरबाईंनी रस्ता कसा ओलांडला, त्यांनाच आठवत नाही. कुणीतरी "ओ मावशी, आत नाही यायचं," म्हणून ओरडलं. त्यांनी दार ढकललं.

जावई स्टुलावर बसला होता, शर्टाची वरची बटणं सोडलेली. ती बाई त्याच्या मागे उभी होती आणि तिचे दोन्ही हात त्याच्या मानेवर होते.

आयुष्यभर हजारो कॉलरी बाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. पण आतल्या माणसासकट कॉलर त्यांनी कधी धरली नव्हती. ती आज धरली. मुठीत घट्ट धरून ओढली.

जावई ओरडला. चोर ओरडतो तसा नाही. जनावराच्या दुखऱ्या पायावर पाय पडावा तसा. स्टूल कलंडलं, तो भिंतीला धरून गुडघ्यांवर आला, पण मान जिथे होती तिथेच, खिळा ठोकल्यासारखी.

"मावशी, सोडा," ती बाई म्हणाली. "मान जायची त्यांची."

बाईंनी मूठ सोडली. तेव्हा कुठे त्यांना तिच्या हातातली वस्तू दिसली. कातडीच्या रंगाचा, जाड फोमचा गळपट्टा, दुखऱ्या मानेला लावतात तो. एका टोकाला खरखरीत चिकटपट्टी होती. बाईंनी नकळत तिच्यावरून बोट फिरवलं. हीच ती नखं. पट्ट्याला आतून पावडर चोपडली होती, घामाने मान सोलू नये म्हणून. मान आणि कॉलर यांच्या मध्ये दिवसभर हा बसायचा, म्हणून मळ कॉलरपर्यंत पोहोचत नव्हता. आणि तो खालून कुणाला दिसू नये म्हणून कॉलर उभी असायची.

साप समजून भुई धोपटली होती. पण भुई धोपटली म्हणून साप नव्हताच, असंही बाईंना वाटेना.

"माझा नवरा इथला वॉचमन," ती बाई स्टूल सरळ करत म्हणाली. "ह्यांचा हात मागे जात नाही, म्हणून पट्टा मी काढून देते. फोमची खोळ धुते, सकाळी परत लावून देते. घरी कळू नये म्हणून पट्टा इथेच ठेवतात. मी म्हटलं होतं, बायकोला सांगा."

"कधीपासून हे?" बाईंनी जावयाला विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"डॉक्टर काय म्हणाले?"

जावयाने शर्टाचं बटण चाचपलं.

"डॉक्टरकडे गेलाच नाहीत?"

"औषधाच्या दुकानात विचारलं. तो म्हणाला, कॉलर लावा, आराम पडेल." त्याने भिंतीला धरूनच उत्तर दिलं. "डॉक्टर कागद देणार, आई. तो इथे दाखवावा लागतो. मान धरलेल्या माणसाला वर चढू देत नाहीत. एकदा खाली उतरवला की पुन्हा कोण चढवतं?"

"आणि घरी का नाही सांगितलं?"

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं."

ते खरं होतं. पण गिऱ्हाइकांच्या खोटेपणावर ज्यांची हयात गेली, त्यांना अर्धं खरं लगेच ऐकू येतं.

"दुखतं तेवढंच? की हाताला मुंग्या येतात?"

जावई पुढे बघत राहिला. वॉचमनच्या बायकोने नजर जमिनीकडे नेली.

"येतात का?"

"कधी कधी."

"कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"क्रेनचा दांडा कुठल्या हातात असतो?"

उघड्या दारातून बाईंना क्रेनची साखळी दिसत होती, आकडा मोकळा लोंबत होता. त्याच्या खालून डोक्यावर घमेली घेतलेली माणसं सुटी झाल्याच्या घाईत चालली होती. कुणी वर बघत नव्हतं. वर बसलेल्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "खाली चालतो तोही कुणाचा तरी जावई असतो."

पट्टा त्यांनी आपल्या पिशवीत टाकला. वॉचमनच्या बायकोला हात जोडायला गेल्या, तर ती म्हणाली, "राहू द्या मावशी. मी तुमच्या जागी असते तर आधी मला धरलं असतं."

दोघं घराकडे निघाली. बाई त्याच्या उजव्या बाजूने चालत होत्या, आणि दर थोड्या पावलांनी त्याच्या हाताकडे बघत होत्या. एकदा त्याने तो हात झटकला, मुठीची उघडझाप केली, आणि त्या बघतायत हे लक्षात आल्यावर खिशात घातला.

लेकीला त्यानेच सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसायला धीर होत नव्हता. लेकीने पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. आधी नवऱ्यावर चिडली, रडली, मग त्याच्या मानेला हात लावायला गेली आणि घाबरून मागे घेतला. मग आईकडे वळली.

"आणि तू त्यांची कॉलर धरलीस?"

"धरली."

"लोकांसमोर?"

"वॉचमनच्या बायकोसमोर."

"चार दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही, माहितेय तुला? रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपत होते. तू तोंडाने एक शब्द सांगितला नाहीस, आणि सगळं सांगून मोकळी झालीस."

बाईंनी मान खाली घातली. पोरगी चुकीचं बोलत नव्हती. त्यांच्या नजरेला सगळं दिसलं होतं: धूळ, वास, मोड, ओरखडे. एक दुखणं तेवढं दिसलं नव्हतं, कारण त्या दुखणं शोधतच नव्हत्या.

जेवताना जावई म्हणाला, "उद्याचा दिवस जातो. उद्या स्लॅबचं लोखंड चढवायचंय, माझ्याशिवाय अडेल. परवा डॉक्टर. तसं पट्टा लावला की काही वाटत नाही."

"उद्या मुकादमाला निरोप जाईल की क्रेनवाला आजारी आहे," बाई म्हणाल्या.

"काय आजार सांगायचा?"

"जो आहे तो."

"आई, काम जाईल."

"जाईल कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला खोटा धीर दिला नाही. "देवाने हात दिलेत, ते शाबूत राहिले तर दुसरं काम करतील. लोंबता हात घेऊन काय कराल?"

"तो काही लोंबत नाही," जावई म्हणाला, आणि ताट खाली ठेवून पाण्याचं भांडं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. लेकीने आईकडे पाहिलं. आईनेही तेच पाहिलं होतं.

बाईंचा त्याच्या बोलण्यावर अजून विश्वास नव्हता. कॉलरवर ठेवला तो चुकला. आता माणसाच्या नुसत्या शब्दावर ठेवायची त्यांची तयारी नव्हती. तो म्हणतो कधी कधी, म्हणजे रोज. तो म्हणतो उजवा हात, म्हणजे कदाचित पायसुद्धा. शिडीवरून उतरताना पायरी चाचपत होता ते घरी यायचा कंटाळा म्हणून नाही. खरं काय ते ज्याला कळतं, त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

सकाळी उजाडताच त्यांनी अंघोळ उरकली, देवापुढे हात जोडले. मागायचं पुष्कळ होतं, पण शब्द सुचेनात, तेव्हा नुसत्याच उभ्या राहिल्या. मग पट्टा पिशवीत घालून चपला पायात सरकवल्या. कडीच्या आवाजाने लेक जागी झाली.

"एवढ्या लवकर कुठे निघालीस?"

"हाडांच्या डॉक्टरकडे. यांचा नंबर लावायला."